ऐंशी टक्के, पण कशाचे?
मेलॅनोमाच्या रक्तचाचणीविषयी

२०२५ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन हेल्थ या संस्थेतील महरुख सय्यदा, डेव्हिड पोल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर पुन्हा उलटणार का, याची चाहूल रक्ताच्या तपासणीतून लागते का, हा त्याचा विषय. संस्थेने काढलेल्या प्रसिद्धिपत्रकात एक आकडा ठळकपणे पुढे आला : शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के रुग्णांचा रोग पुढे उलटला.

हा आकडा खरा आहे. काळजीपूर्वक केलेल्या कामातून तो आलेला आहे. परंतु एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्याचे ‘ही चाचणी ८० टक्के अचूक आहे’ असे रूपांतर व्हायला वेळ लागत नाही, आणि तसे झाले की अर्थ पार बदलतो. टक्केवारी म्हटली की ती कशाची, हे विचारायला आपण पाचवी-सहावीतल्या मुलांना शिकवतो. मोठ्यांच्या वैद्यकात हा प्रश्न विचारायचा कोणी, असा प्रश्न आहे. ‘लिक्विड बायॉप्सी’ या भारदस्त नावाने अशा प्रकारच्या चाचण्या आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही मिळतात. तेव्हा आपणच विचारलेला बरा.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ज्या पेशी तयार करतात, त्या रंगपेशींचा हा कर्करोग. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो बराच आढळतो; ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. लवकर सापडला तर तेवढा भाग कापून काढला की बहुतेक रुग्ण बरे होतात. रुग्णाचे पुढे काय होईल हे सांगणारी मुख्य खूण आजही अगदी साधी आहे. गाठ त्वचेत किती खोल उतरली, हे सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजायचे. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या मोजमापाचे महत्त्व दाखवून दिले, आणि अजूनही १, २ आणि ४ मिलिमीटर या सीमारेषांवर गाठींची प्रतवारी होते. दुसरी खूण म्हणजे जवळच्या लसीकाग्रंथींपर्यंत कर्कपेशी पोचल्या आहेत का. पोचल्या असतील तर रोग तिसऱ्या अवस्थेत गेला असे धरतात. आपला सगळा विषय या तिसऱ्या अवस्थेचा आहे.

या अवस्थेत शल्यचिकित्सक दिसेल तेवढे सगळे काढून टाकतो. क्ष-किरणाच्या चित्रांत काही उरलेले दिसत नाही. तरीही काहींच्या शरीरात कुठेतरी मूठभर पेशी दडून राहिलेल्या असतात आणि काहींच्या शरीरात एकही उरलेली नसते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. डॉक्टरला मात्र त्याच वेळी ठरवावे लागते, की आता वर्षभर औषध द्यायचे की नाही. ही औषधे साधी नाहीत. गोळ्यांच्या एका जोडीने वारंवार ताप येतो. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या दुसऱ्या औषधांनी काही रुग्णांच्या अवटू ग्रंथीचे किंवा अधिवृक्क ग्रंथीचे काम कायमचे बंद पडते आणि आयुष्यभर संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. जो रुग्ण सुरीनेच बरा झालेला होता, त्याच्या दृष्टीने हा सगळा त्रास फुकट. म्हणून दोघांतला फरक सांगणारी एखादी रक्तातली खूण मिळावी, ही धडपड फार जुनी आहे.

जुन्या खुणांपैकी एलडीएच हे विकर प्रसिद्ध आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात येते. चौथ्या अवस्थेतील मेलॅनोमाच्या प्रतवारीत या शतकाच्या सुरुवातीपासून त्याला जागा मिळालेली आहे. पण हे विकर शरीरातल्या जवळजवळ सर्वच पेशींत असते. यकृत बिघडले, स्नायूंना मार लागला, इतकेच काय, रक्त काढताना नळीत तांबड्या पेशी फुटल्या, तरी त्याचा आकडा चढतो. दुसरी खूण एस-१००-बी या प्रथिनाची. शंभर टक्के संपृक्त अमोनियम सल्फेटच्या द्रावणातही ते विरघळलेले राहते, म्हणून हे नाव. १९६५ मध्ये ते मेंदूत सापडले. पुढे रंगपेशींतही असल्याचे दिसले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये पाठपुराव्याच्या तपासण्यांत ते मोजण्याची पद्धत रुजली. अमेरिकेत मात्र कोणतीही तक्रार नसलेल्या रुग्णाच्या रक्ताच्या अशा नेहमीच्या तपासण्या करू नयेत, असाच सल्ला दिला जातो. दोन्ही खुणांची अडचण एकच : रोग बराच वाढल्याशिवाय त्या बोलत नाहीत.

नवी चाचणी प्रथिने मोजत नाही, ती अक्षरे वाचते. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. निरोगी माणसाच्या रक्तातही ते असतातच. तास-दोन तासांत शरीर त्यांची विल्हेवाट लावते, त्यामुळे नळीतले तुकडे ताजे असतात. ते आजची बातमी सांगतात. आता गाठीचे तुकडे ओळखायचे कसे? २००२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवले की बऱ्याच मेलॅनोमांत ‘ब्राफ’ नावाच्या जनुकात एकच अक्षर चुकलेले असते. १७९९ व्या जागी ‘टी’ऐवजी ‘ए’ येतो. परिणामी प्रथिनातील ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल बसते आणि ‘वाढ’ असा हुकूम देणारे बटण दाबलेलेच राहते. त्वचेच्या मेलॅनोमांपैकी सुमारे निम्म्यांत ब्राफमध्ये याच जागी बिघाड असतो. (गंमत अशी की आपल्या अंगावरच्या निरुपद्रवी तिळांतही पुष्कळदा हाच बदल सापडतो. एका अक्षराने कर्करोग होत नाही.)

चाचणीत रक्तद्रवातला डीएनए सुमारे वीस हजार सूक्ष्म थेंबांत वाटून टाकतात. प्रत्येक थेंबात डीएनएच्या प्रती वाढवतात, आणि चुकलेले अक्षर असलेला थेंब प्रकाशमान होतो. मग चमकणारे थेंब मोजायचे. हे तंत्र मला मनापासून आवडते, कारण त्यात अंदाज नाही, मोजणी आहे.

आता मुख्य निबंधाकडे वळू. त्यासाठी वापरलेले रक्त आधीच्या एका मोठ्या प्रयोगातले आहे. ‘कॉम्बी-एडी’ नावाच्या त्या प्रयोगात तिसऱ्या अवस्थेतील, ब्राफचा बदल असलेले ८७० रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाला डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्या वर्षभर दिल्या, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. यांपैकी ५९७ जणांचे गोळ्या सुरू होण्यापूर्वीचे रक्त तपासता आले. ७९ जणांच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला. म्हणजे १३ टक्के.

या ७९ पैकी ८० टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ६३ जणांचा रोग उलटला. बातमी येथे संपते. उरलेल्या ५१८ जणांचे काय झाले?

याचे उत्तर निबंधातच आहे, फक्त ते मध्यकाच्या भाषेत दिलेले आहे. मध्यक आपण शाळेत शिकवतोच : रुग्णांना रोग उलटेपर्यंतच्या काळाच्या क्रमाने उभे केले, तर अगदी मधल्याचा काळ. ज्यांच्या रक्तात काही सापडले नाही आणि ज्यांना औषधही मिळाले नाही, त्यांचा मध्यक सुमारे साडेचोवीस महिने आला. म्हणजे ‘काही सापडले नाही’ असा निकाल मिळालेल्या या लोकांपैकी निम्म्यांचा रोग दोन वर्षांच्या आसपास उलटला होता! औषध मिळालेल्यांत हाच मध्यक सुमारे अडुसष्ट महिने, म्हणजे साडेपाच वर्षांहून थोडा अधिक.

पाटीवर एक हिशेब करून पाहू. हिशेब स्थूल आहे, कारण सगळ्या रुग्णांवर सारखाच काळ लक्ष ठेवता येत नाही. पण ढोबळ चित्र त्याने बदलत नाही. ५१८ पैकी निम्मे धरले तर २५९. त्यात आधीचे ६३ मिळवले की रोग उलटलेले एकूण ३२२ होतात. या ३२२ पैकी चाचणीने आधी किती जणांकडे बोट दाखवले होते? ६३. म्हणजे पाचांत एक, जेमतेम २० टक्के.

एकाच चाचणीचे, एकाच दिवशीच्या रक्ताचे हे दोन आकडे आहेत. ‘जिच्याकडे चाचणीने बोट दाखवले ती व्यक्ती खरोखर आजारी पडली का?’ असे विचारले तर ८० टक्के. ‘जी आजारी पडली तिच्याकडे चाचणीने बोट दाखवले होते का?’ असे विचारले तर २० टक्के. दोन्ही प्रश्न कानाला सारखेच वाटतात, म्हणूनच घोटाळा होतो. संख्याशास्त्रात त्यांना वेगळी नावे आहेत, पण नावांपेक्षा छेद कोणता घेतला हे पाहणे महत्त्वाचे. पहिल्यात छेद ७९ आहे, दुसऱ्यात ३२२. दहावीच्या वर्गात हे उदाहरण अर्ध्या तासात होईल आणि संभाव्यतेच्या धड्यातल्या चेंडूंच्या पिशवीपेक्षा मुलांच्या अधिक लक्षात राहील.

शितावरून भात

इतकी कुशल चाचणी इतक्या जणांना का हुकते? आपल्या आज्या शितावरून भाताची परीक्षा करतात. एक शीत दाबून पाहिले की भांडेभर भात शिजला की नाही ते कळते, कारण सगळी शिते एकाच आधणात शिजलेली असतात. पण तांदळाच्या पोत्यात एखादा खडा आहे की नाही, हे मूठभर तांदूळ निवडून कळत नाही. मुठीत खडा आला तर पोत्यात खडे आहेत हे नक्की. मुठीत आला नाही, तर काहीच नक्की नाही.

रक्ताच्या नळीचे असेच आहे. दहा मिलिलिटर रक्तातून साधारण पाच मिलिलिटर रक्तद्रव निघतो. त्याच्या दर मिलिलिटरमध्ये पाच नॅनोग्रॅम डीएनए धरला तर एकूण पंचवीस नॅनोग्रॅम. एका नॅनोग्रॅममध्ये आपल्या जनुकसंचाच्या सुमारे तीनशे प्रती मावतात. म्हणजे नळीत एकंदर साडेसात हजार प्रती. आता शरीरात उरलेल्या पेशी इतक्या थोड्या आहेत की लाखात एकच प्रत त्यांच्याकडून येते, असे समजा. मग साडेसात हजारांत सरासरीने ०.०७५ प्रत येणार. अशा शंभर नळ्या भरल्या तर त्यांपैकी सुमारे त्र्याण्णव नळ्यांत गाठीची एकही प्रत नसेल. जी नळीत आलीच नाही ती वीस हजार थेंब करूनही कशी सापडणार? यंत्राची तीक्ष्णता वाढवून हा प्रश्न सुटत नाही. त्यावर दोनच उपाय : एका अक्षराऐवजी गाठीतील अनेक चुकलेली अक्षरे एकाच वेळी शोधायची, म्हणजे एकाऐवजी अनेक प्रकारचे खडे हुडकायचे, किंवा पुन्हा पुन्हा मूठ भरून पाहायची.

दुसरा उपाय या संशोधकांनीही केला, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. उपचाराच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यांत त्यांनी रक्त पाहिले. या काळात ज्यांच्या रक्तात गाठीचा डीएनए दिसला, त्यांपैकी जवळजवळ सर्वांचा रोग उलटला. डीएनए जितका जास्त, तितका रोग लवकर उलटला, हेही दिसले. पोत्यात खडे आहेत असे ही चाचणी म्हणाली की तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ‘नाहीत’ असे मात्र ती म्हणूच शकत नाही. तिचा नकार म्हणजे ‘मला दिसले नाही’ एवढाच.

भविष्य सांगणे आणि वाट दाखवणे

बातम्यांतून दुसरी जी गोष्ट सूचित केली जाते ती अशी : चाचणीवरून ठरवता येईल, कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही. हे मला अधिक धोक्याचे वाटते, आणि निबंधातले चारच आकडे शेजारी ठेवले की ते का, हे कळते.

औषध न मिळालेल्यांत, डीएनए सापडला त्यांचा मध्यक पावणेचार महिने आणि न सापडलेल्यांचा साडेचोवीस. औषध मिळालेल्यांत हेच आकडे साडेसोळा आणि अडुसष्ट. आता हे आडवे न वाचता उभे वाचा. डीएनए सापडलेल्यांना औषधाने पावणेचारवरून साडेसोळा महिन्यांवर नेले. न सापडलेल्यांना साडेचोवीसवरून अडुसष्टवर. औषध दोन्हीकडे उपयोगी पडले. डीएनए असल्यामुळे रोग उलटण्याचा धोका किती पटींनी वाढतो, याचेही गणित निबंधात आहे : औषधाविना २.९१ पट, औषधासह २.९८ पट. जवळजवळ सारखेच. याचा अर्थ असा की ही खूण रुग्णाचे भविष्य सांगते, पण औषध कोणाला लागू पडेल ते सांगत नाही. इंग्रजी वैद्यकीय भाषेत या दोन गुणांना ‘प्रोग्नॉस्टिक’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह’ असे दोन वेगळे शब्द आहेत. निबंधाच्या शीर्षकात संशोधकांनी पहिलाच शब्द वापरला आहे. बातमी होताना नेमका तोच गळतो.

समजा, एखाद्या डॉक्टरने ‘रक्तात काही सापडले नाही’ म्हणून औषध टाळले. या आकड्यांप्रमाणे पाहिले तर त्या रुग्णाची रोगमुक्त अशी साडेतीन वर्षे त्याने टाळली. निबंधाचा वापर नेमक्या उलट्या कामासाठी झाला, असे म्हणावे लागेल.

प्रसिद्धिपत्रकात आणखी एक वाक्य होते : डीएनए सापडलेल्यांत रोग चौपटीहून अधिक वेगाने परततो. अडुसष्टला साडेसोळाने भागले की चार येतात. औषध न मिळालेल्या गटात हाच भागाकार साडेसहाच्या आसपास येतो, आणि धोक्याचे गुणोत्तर तर तिनाहूनही कमी आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ‘चौपट’ हा शब्द एकटा सोडला की वाचणाऱ्याने काय समजावे?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. समजा, चाचणी सुधारली आणि रोग उलटणार हे सहा महिने आधी कळू लागले. मग रुग्ण जास्त जगेल का? ‘अर्थात!’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण जूनमध्ये लागणारा निकाल एप्रिलमध्ये कळला म्हणून गुण वाढत नाहीत; मधल्या दोन महिन्यांत करण्यासारखे काही असेल तरच त्या कळण्याला किंमत. वैद्यकात याचा एक सुंदर आणि थोडा खिन्न करणारा पुरावा आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगात सीए-१२५ हे प्रथिन रोग उलटण्याच्या काही महिने आधी रक्तात वाढते. त्याच्या भाकितावर कोणाचा वाद नव्हता. गॉर्डन रस्टिन आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन वाढलेल्या ५२९ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला लगेच रसायनोपचार सुरू केला, दुसऱ्या गटाला लक्षणे दिसल्यावर. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात उपचार सुमारे पाच महिने आधी सुरू झाला होता. मध्यक आयुष्य पहिल्या गटात २५.७ महिने, दुसऱ्यात २७.१. लवकर कळण्याने आयुष्य वाढले नाही. औषधांचा त्रास तेवढा लवकर सुरू झाला.

म्हणून निराश व्हायचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ४५५ रुग्णांवर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे एका गटात रसायनोपचार द्यायचा की नाही हे रक्तातील डीएनए पाहून ठरवले. या गटात १५ टक्के रुग्णांनाच तो द्यावा लागला, नेहमीच्या पद्धतीने ठरवलेल्या गटात २८ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे, ९३.५ आणि ९२.४ टक्के. पुढे २०२५ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातही असा प्रयोग झाला. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडलेल्या २५० रुग्णांपैकी ज्यांना प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध दिले, ते औषधाविना ठेवलेल्यांपेक्षा अधिक काळ जगले. हे दोन प्रयोग आणि मेलॅनोमाचा निबंध यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते तो निर्णायक आहे. तेथे चाचणीच्या निकालावरून उपचार केले आणि मग काय झाले ते पाहिले. कॉम्बी-एडीच्या रक्ताची तपासणी मात्र साठवलेल्या नमुन्यांवर, नंतर झाली. निकाल कोणत्याही रुग्णाच्या उपचारात वापरला गेला नाही. भाकीत खरे ठरले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

त्यातही ज्या औषधाच्या प्रयोगातले हे रक्त, त्या औषधाचीच गोष्ट पूर्ण झालेली नाही. २०२४ मध्ये कॉम्बी-एडीचे अखेरचे आकडे आले. आठ वर्षांनी औषधाच्या गटातील ७१ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातील ६५ टक्के. फरक आहे, पण संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीवर तो निर्णायक ठरला नाही. रोग लांबवणे आणि आयुष्य वाढवणे या दोन गोष्टींत अंतर असू शकते.

मग या निबंधाचे मोल काय? माझ्या मते बरेच. औषध न घेतलेल्या रुग्णांचे, इतक्या वर्षांच्या नोंदींसह ठेवलेले रक्त आता पुन्हा जमणे कठीण आहे, कारण तिसऱ्या अवस्थेत शस्त्रक्रियेनंतर औषध देणे ही आता रूढ पद्धत झाली आहे. रोग आपल्या चालीने जाऊ दिला तर रक्तातली ही खूण काय सांगते, ते या नमुन्यांतून कळले. आता पुढच्या प्रयोगाची आखणी नीट करता येईल. डीएनए सापडलेल्यांचेच चिठ्ठ्यांनी दोन गट करायचे. एकाला नेहमीचा उपचार, दुसऱ्याला अधिक जोरकस. कोण किती जगते ते पाहायचे. तिसऱ्या अवस्थेत दर शंभरांत तेरा जणांच्याच रक्तात डीएनए सापडत असल्याने असा प्रयोग उभा करायला हजारो रुग्ण चाळावे लागतील आणि निकालाला वर्षे लागतील.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. भारतात मेलॅनोमा विरळा आहे, आणि जो आढळतो त्यात तळपाय, तळहात आणि नखाखालच्या प्रकाराचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच मोठा असतो. हा प्रकार उन्हाशी फारसा निगडित नाही, आणि त्यात ब्राफमधील ते एक अक्षर चुकलेले असण्याचे प्रमाणही बरेच कमी आहे. ज्याच्या गाठीत तो बदलच नाही, त्याच्या रक्तात ही चाचणी काय शोधणार? तिचा निकाल ‘काही सापडले नाही’ असाच येईल, आणि तो कागद हातात पडल्यावर घरचे पेढे वाटायला निघतील. म्हणून चाचणीचे पैसे भरण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न असा, की मूळ गाठीत हा बदल आहे असे विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालात लिहिले आहे का.

तळपायावरच्या या डागाची दुसरीच अडचण असते. तो कुरूप आहे, ठेच लागून रक्त साकळले आहे, नखाला बुरशी लागली आहे, असे समजून महिनोन् महिने जातात. सूक्ष्मदर्शकाखाली तो पोचतो तेव्हा ब्रेस्लोच्या मोजमापात तो बहुधा बराच खोल उतरलेला असतो.